तोफेआधीची शांतता

मनुष्याचा आपल्या डोळ्यांवर फार विश्वास असतो. 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' असे कोणी म्हटले की पुढचा वाद सहसा मिटतो. कानांनी ऐकलेल्या गोष्टीला तेवढी प्रतिष्ठा मिळत नाही. 'ऐकीव' हा शब्दच मुळी अविश्वासाचा आहे. चित्रपटांविषयी बोलतानाही हीच सवय दिसून येते. 'चित्रपट पाहिला' असे सर्व जण म्हणतात, 'चित्रपट ऐकला' असे कोणी म्हणत नाही. इतर चित्रपटांच्या बाबतीत ही भाषा एक वेळ चालून जाईल. परंतु युद्धावरील चित्रपटाच्या, म्हणजेच युद्धपटाच्या बाबतीत ती अपुरी पडते. युद्धपटातील भीती, उत्कंठा आणि ताण ही डोळ्यांपेक्षा कानांच्या वाटेने प्रेक्षकाच्या मनात अधिक खोल शिरतात.

नवी मुंबईसारख्या शहरातील आधुनिक चित्रपटगृहात पडद्यामागे, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि प्रेक्षकांच्या पाठीमागेही ध्वनिक्षेपक बसवलेले असतात. सुटीच्या दिवशी युद्धपट पाहून बाहेर पडणारी मुले किती रणगाडे पेटले आणि किती पूल उडाले, याचा हिशेब एकमेकांना सांगत असतात. त्यांना एखाद्याने विचारावे, की खुर्चीचा हात घट्ट धरला तो कोणत्या क्षणी? मग उत्तर निराळे येते. ज्या क्षणी श्वास रोखला गेला, त्या क्षणी पडद्यावर बहुधा काहीच घडत नसते. एखादा शिपाई अंधारात कान देऊन उभा असतो, दूरवर कसलीशी घरघर होते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. स्फोट नंतर होतो. स्फोटाने प्रेक्षक दचकतो खरा. परंतु त्याच्या मनावरचा ताण स्फोटाने वाढत नाही, उलट मोकळा होतो. तो ताण निर्माण झालेला असतो स्फोटाआधीच्या शांततेत. म्हणूनच युद्धपटाची खरी कसोटी त्याच्या तोफांवर नव्हे, तर तोफेआधीच्या शांततेवर घ्यावयास हवी.

असे का व्हावे, याचे कारण मनुष्याच्या शरीररचनेतच आहे. डोळ्यांना पापण्या आहेत. नकोसे दृश्य समोर आले तर त्या मिटून घेता येतात. कानांना पापण्या नाहीत. डोळे फक्त समोरचे पाहतात, कान मात्र पाठीमागचे, भिंतीपलीकडचे आणि अंधारातलेही टिपतात. आदिमानव रानात राहत होता, तेव्हा झुडपाआड दबा धरून बसलेले श्वापद त्याला दिसण्यापूर्वी पाचोळ्याच्या सळसळीतून कळत असे. ज्याने ती सळसळ ऐकली, तो वाचला. तेव्हापासून कान हे मनुष्याच्या शरीराचे पहारेकरी झाले आहेत. ते झोपेतही जागे असतात. युद्धपटाचा दिग्दर्शक याच पहारेकऱ्यांशी संधान बांधतो.

या पहारेकऱ्यांचा स्वभाव समजून घेण्यासाठी रणांगणावर जाण्याची आवश्यकता नाही. नेरूळच्या एखाद्या इमारतीत राहणाऱ्या माणसांना पंख्याची भिरभिर, उद्वाहनाचा आवाज आणि रस्त्यावरील वाहनांची वर्दळ दिवसभर ऐकू येत असते. किंबहुना सवयीमुळे ती ऐकूच येत नाही. परंतु रात्री अकस्मात वीज जाते. पंखे मंदावत थांबतात, उद्वाहन अडकते, आणि सर्वत्र एकाएकी सामसूम होते. त्यासरशी घरातली सर्व माणसे सावध होतात. जिन्यात वाजणारी चप्पल, शेजारच्या दाराची कडी, दूर खाडीच्या बाजूने येणारे कुत्र्याचे भुंकणे, हे सर्व एकदम स्पष्ट ऐकू येऊ लागते. नवा आवाज कोणताच निर्माण झालेला नसतो. जुने आवाज नाहीसे झाले, एवढेच. कुशल दिग्दर्शक हेच करतो. प्रथम तो पाखरांचा किलबिलाट, पाण्याचा खळखळाट आणि शिपायांची कुजबुज ऐकवतो, आणि मग एकेक आवाज हळूच काढून घेतो. पाखरे गप्प होतात. कुजबुज थांबते. काय होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. पण काहीतरी होणार, हे त्याच्या कानांनी ओळखलेले असते.

ध्वनी आणि दृश्य यांच्यामधील अंतरही असाच ताण निर्माण करते. पावसाळ्याच्या तोंडी पारसिकच्या डोंगरावर वीज चमकते आणि मुले मनात आकडे मोजू लागतात. प्रकाश डोळ्यांपर्यंत तत्काळ पोहोचतो. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. म्हणून एक किलोमीटर दूर चमकलेल्या विजेचा गडगडाट ऐकू येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत लहान मूल आईला बिलगते. दूरच्या तोफेचेही असेच आहे. आधी क्षितिजावर लाल ठिणगी दिसते, मग काही क्षण काहीच नाही, आणि नंतर आवाज. पुष्कळ चित्रपटांत ठिणगी आणि आवाज एकाच वेळी दाखवले जातात. ते शास्त्राला धरून नाही, एवढाच त्यात दोष नाही. त्यामुळे प्रेक्षकाच्या हातून ते मधले काही क्षण निसटतात, हा मोठा दोष आहे.

चित्रपटाची कला नवी असली, तरी ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. शिवकालात अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर आणि तुळशीदासाने सिंहगडाच्या लढाईवर पोवाडे रचले. पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराजवळ ना सैन्य असते, ना तोफा. हातात डफ, साथीला तुणतुणे आणि झांजा, मागे झीलकरी, एवढ्या सामग्रीवर तो सभोवतालच्या श्रोत्यांपुढे गड उभा करतो. मावळे कडा चढू लागले की डफाची गती वाढते, झीलकऱ्यांचा सूर चढतो, श्रोते पुढे सरकतात. आणि जेव्हा तलवारीचा घाव पडावयाचा असतो, नेमक्या त्याच क्षणी शाहीर डफावरची थाप रोखतो. एक क्षण सारे स्तब्ध होते. तो क्षण संपला की डफ कडाडतो आणि श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. आवाजाला अर्थ येतो तो शांततेमुळे, हे शाहिराने चित्रपटाच्या कितीतरी आधी ओळखले होते.

मराठी रंगभूमीनेही हा वारसा पुढे चालवला. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' हे नाटक रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाची परंपरा सुरू झाली. पुढील काळात मेघगर्जनेसाठी पडद्याआड पत्रा हलवावा, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवाव्यात, अशा साध्या युक्त्या रंगभूमीवर रूढ झाल्या. प्रेक्षकाला पत्रा दिसत नसे. त्याला आभाळ फाटल्यासारखे वाटे.

मूकपटांच्या काळात दिग्दर्शकाच्या हाती ध्वनी नव्हता. पडद्याजवळ बसलेले वादक पेटी-तबल्यावर जी साथ करीत, तेवढाच काय तो आवाज. अशा वेळी ताण निर्माण करण्याचे सारे ओझे वातावरणावर पडे. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. तानाजी मालुसरे यांनी गडावर चढाई केली ती १६७० च्या फेब्रुवारी महिन्यातील एका रात्री. ही रात्र पडद्यावर खरी वाटावी, म्हणून पेंटर यांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रीकरण केले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद आवर्जून घेतली जाते. उजेड दाखवण्यासाठी दिवा लावणे सर्वांना येते. अंधार दाखवण्यासाठी दिवा लावणे ही कलावंताची दृष्टी होय. गडाचा काळोख प्रेक्षकाला जाणवला, तरच त्या काळोखात दोराला लटकणाऱ्या मावळ्याची काळजी त्याला वाटणार.

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. तो प्रभात फिल्म कंपनीने काढला होता, आणि त्याच संस्थेने १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'सिंहगड' पुन्हा, या वेळी बोलपटाच्या रूपात, प्रेक्षकांपुढे आणला. विशेष म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या मूकपटात शेलारमामांची भूमिका शांतारामांनीच केली होती. प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. ज्या भूमीवर पुढे प्रभातचा पुण्यातील स्टुडिओ उभा राहिला, तेथेच १९६० मध्ये चित्रपटकलेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज तेथे विद्यार्थी ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजन यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतात.

ध्वनीची वाट पाहण्यात केवढा ताण असतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळगडाच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. भर आषाढातली ती रात्र, चिखलाने निसरडी झालेली वाट, आणि मागे सिद्दी जौहरच्या सैन्याचा पाठलाग. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निवडक मावळ्यांसह मागे राहिले. महाराज गडावर पोहोचले की तोफांचे बार होतील, तोवर खिंड सोडावयाची नाही, असे ठरले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा सारा प्राण त्या न झालेल्या तोफांच्या बारांत आहे. खिंडीत तलवारींचा खणखणाट चालू आहे, परंतु बाजींचे कान त्या खणखणाटाकडे नाहीत. ते विशाळगडाकडे लागलेले आहेत. शरीर जखमांनी जर्जर झालेले असताना हा वीर ज्याची वाट पाहत होता, तो होता एक आवाज.

दिग्पाल लांजेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'पावनखिंड' हा मराठी चित्रपट फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात अजय पूरकर यांनी बाजीप्रभूंची भूमिका केली. तो पाहण्यास गेलेल्या मराठी प्रेक्षकाला शेवट ठाऊक होता. तोफा होणार, हे त्याने लहानपणी आजीकडून ऐकले होते आणि इयत्ता चौथीच्या इतिहासात वाचले होते. तरीही त्याचे कान तोफांकडेच लागावेत, यात या कथेचे सामर्थ्य आहे. काय घडणार हे माहीत नसले म्हणजेच उत्कंठा वाटते, असा एक समज आहे. पावनखिंडीची कथा तो खोटा ठरवते. शेवट ठाऊक असूनही मन व्याकूळ होते, कारण प्रत्येक क्षण उशिराचा आहे आणि उशिराचा प्रत्येक क्षण एका माणसाच्या रक्ताने मोजला जात आहे.

या कथेला तीनशे अकरा वर्षांनंतरची एक जोडकथा राजस्थानच्या वाळवंटात सापडते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, ४ आणि ५ तारखांच्या मधल्या रात्री, लोंगेवाला येथील ठाण्यावर भारतीय सैन्याच्या २३ पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान होते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे नायक होते. रात्री सीमेवर गस्त घालणाऱ्या तुकडीला पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू आली. शत्रूचे चाळीसहून अधिक रणगाडे येत होते. परंतु त्यांची पहिली वर्दी दिली ती कानांनी. मदत मागितली, तेव्हा जैसलमेरची हंटर विमाने रात्रीच्या अंधारात लढू शकत नसल्यामुळे उजाडेपर्यंत थांबणे भाग होते. म्हणजे त्या रात्री जवानांच्या कानांपुढे दोन आवाज होते. एक रणगाड्यांचा, जो नको होता आणि येत होता. दुसरा विमानांचा, जो हवा होता आणि येत नव्हता. पहाट झाली, विमाने आली आणि लढाईचे पारडे फिरले. जे. पी. दत्ता यांनी याच प्रसंगावर १९९७ मध्ये 'बॉर्डर' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात धडाडणाऱ्या तोफा पुष्कळ आहेत. परंतु या कथेतील थरार मूळचा त्या तोफांचा नव्हे. वाळूच्या टेकडीआडून येणाऱ्या घरघरीचा आणि न उगवणाऱ्या पहाटेचा तो थरार आहे.

या दोन कथांवरून युद्धपटातील ध्वनीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक भीतीचा ध्वनी आणि दुसरा आशेचा. पहिल्या प्रकारचा अत्यंत प्रभावी उपयोग 'डंकर्क' या इंग्रजी चित्रपटात आढळतो. दुसऱ्या महायुद्धात २६ मे ते ४ जून १९४० या काळात फ्रान्सच्या डंकर्क येथील किनाऱ्यावर अडकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या ३,३८,००० हून अधिक सैनिकांची समुद्रमार्गे सुटका करण्यात आली. या घटनेवर ख्रिस्तोफर नोलन यांनी २०१७ मध्ये चित्रपट काढला. त्यात शत्रूचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही; शत्रू फक्त ऐकू येतो. जर्मनांच्या स्टुका विमानांना वाऱ्यावर वाजणारे भोंगे बसवलेले असत. विमान सूर मारून खाली येऊ लागले की भोंग्याची किंकाळी वाढत जाई. बॉम्ब पडण्यापूर्वीच माणसांचे धैर्य खचावे, हाच त्या भोंग्यांचा हेतू होता. युद्धात आवाज हेसुद्धा एक शस्त्र असते, ते असे.

याच चित्रपटाचे संगीतकार हान्स झिमर यांनी नोलन यांच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक संगीतात गुंफली. एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी ती टिकटिक, किनाऱ्यावर बोटीची वाट पाहणाऱ्या सैनिकाच्या दृश्याबरोबर ऐकली की काळीज कुरतडू लागते. झिमर यांनी आणखी एक युक्ती योजली. पेटीवर एकच स्वर मंद्र, मध्य आणि तार अशा तिन्ही सप्तकांत एकाच वेळी वाजवला आणि तिन्ही स्वर एकदम वर चढवत नेले, अशी कल्पना करावी. वरचा स्वर चढता चढता क्षीण होऊन विरून जातो आणि त्याच वेळी खालून एक नवा स्वर हळूच येऊन मिळतो. ऐकणाऱ्याला वाटते, सूर अखंड चढतोच आहे. प्रत्यक्षात तो कोठेच पोहोचत नाही. मनही त्या सुराबरोबर चढत राहते आणि त्याला विसावा मिळत नाही. या चित्रपटाला ध्वनीच्या कामगिरीबद्दल दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

ध्वनीच्या बरोबरीने वातावरणाचेही महत्त्व आहे. वातावरण म्हणजे केवळ मागे दिसणारा डोंगर किंवा नदी नव्हे. हवा, प्रकाश, थंडी, धुके, चिखल आणि एकटेपणा यांचा मनावर होणारा एकत्रित संस्कार म्हणजे वातावरण. चेतन आनंद यांचा 'हकीकत' हा चित्रपट १९६४ मध्ये आला. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धावरील या चित्रपटाचे चित्रीकरण लडाखमध्ये झाले. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत उघडे, प्रचंड पर्वत आणि त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसे दिसतात. तेथे झाड नाही, घर नाही, ओळखीचे काही नाही. एवढ्या विस्तीर्ण निर्जनतेत मूठभर जवान उभे आहेत, हे दिसताच त्यांच्या संकटाचे वर्णन करण्यास शब्दांची गरज उरत नाही.

हे सर्व आवाज येतात कोठून, याचेही पुष्कळांना कुतूहल वाटते. चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित झालेला प्रत्येक ध्वनी उपयोगी पडतोच असे नाही. वारा, यंत्रे आणि माणसांचा गलका यांत मुख्य आवाज हरवून जातो. म्हणून नंतर बंद खोलीत कारागीर पडद्यावरील चित्राकडे पाहत एकेक आवाज पुन्हा निर्माण करतात. जॅक फोली या अमेरिकन कारागिराच्या नावावरून या कलेला 'फोली' म्हणतात. वाळूने किंवा खडीने भरलेल्या चौकटीत बूट घालून चालले की पलटणीची चाल तयार होते. कॉर्नफ्लॉवर भरलेली पिशवी मुठीत दाबली की बर्फावर पाऊल पडल्याची करकर उमटते. रंगभूमीवरची नारळाची करवंटी येथेही मानाने नांदते. या कारागिरांना पडद्यावर कोणी पाहत नाही. त्यांचे काम उत्तम झाले, तर ते झाले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मराठी भाषेचे कान किती तीक्ष्ण आहेत, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तलवारीचा खणखणाट, विजेचा कडकडाट, मेघांचा गडगडाट, पानांची सळसळ, यंत्राची घरघर, पैंजणांची छुमछुम, अशी प्रत्येक आवाजाला मराठीने वेगळी ओळख दिली आहे. इतकेच नव्हे, तर शांततेचेही तिने अनेक प्रकार जाणले आहेत. सामसूम निराळी, शुकशुकाट निराळा. वर्गात गुरुजी आल्यावर मुले चिडीचूप होतात, रात्र किर्र असते, आणि अशुभ वार्ता आल्यावर घरात पसरतो तो सन्नाटा. या शब्दांतील भेद ज्याला कळतो, त्याला युद्धपटातील ध्वनिसंयोजकाचे काम समजण्यास कठीण जाणार नाही.

या मतावर एक आक्षेप घेतला जातो. युद्ध हे गोंगाटाचेच असते. मग युद्धपट गोंगाटाचा असला तर बिघडले कोठे? आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु सतत चालणारा मोठा आवाज थोड्याच वेळात कानांना बधिर करतो. शंभरावा स्फोट पहिल्या स्फोटाएवढा परिणाम करीत नाही. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. गोंगाटात माणसाचा आवाज बुडून जातो. स्फोट होत असताना सर्व सैनिक सारखेच दिसतात. शांतता पसरली की एकाचा थरथरणारा श्वास, दुसऱ्याने मनात केलेले देवाचे स्मरण, तिसऱ्याने घरच्या पत्राची खिशात चाचपलेली घडी, हे सारे ऐकू येते. तेथे सैनिक माणूस म्हणून भेटतो. ज्याची ओळख पटली, त्याच्याच मरणाचे दुःख होते.

आजच्या काळात या गोष्टीला विशेष महत्त्व आले आहे. अनेक मुलांच्या हाती भ्रमणध्वनी असतो आणि त्यावर बंदुका चालवण्याचे खेळ असतात. त्यांतील गोळीचा आवाज गंमतीचा असतो. गोळी लागलेला गडी पुढच्या डावात पुन्हा उठतो. युद्धपटही जर असाच केवळ धडाडता झाला, तर मुलांचे कान एका फसव्या समजुतीला सरावतील. युद्ध म्हणजे आतषबाजी, असे त्यांना वाटू लागेल. ज्यांनी खरा भोंगा ऐकला आहे, त्यांचे अनुभव याहून निराळे आहेत. १९७१ च्या युद्धात मुंबईत रात्री दिवे मालवले जात आणि खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले जात. नवी मुंबई तेव्हा बहुतांशी नकाशावरच होती. ती वसवण्यासाठी सिडको ही संस्था १९७० मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. मुंबईत तेव्हा लहान असलेली आणि आज आजी-आजोबा झालेली माणसे त्या रात्रींविषयी सांगताना विमानांपेक्षा भोंग्याची आणि भोंग्यानंतरच्या शांततेचीच आठवण काढतात. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या वेळी अनेक ठिकाणी भोंगे वाजले. तो सराव होता, हे ठाऊक असूनही अनेकांच्या पोटात गोळा आला असेल. भोंगा आणि पोटातला गोळा यांच्यातले हे नाते जो चित्रपट जपतो, तो युद्धाविषयी खरे बोलतो.

शौर्याचे मोलही याच मार्गाने कळते. भीती नसलेल्या ठिकाणी शौर्याला अर्थ नाही. बाजीप्रभूंना मृत्यू दिसत होता आणि तरीही ते तोफांच्या आवाजासाठी थांबले. लोंगेवाल्याच्या जवानांना रणगाड्यांची घरघर ऐकू येत होती आणि तरीही त्यांनी ठाणे सोडले नाही. ती भीती आणि ते थांबणे प्रेक्षकाने स्वतःच्या छातीत अनुभवले, तरच त्याला त्यांच्या धैर्याची उंची समजते. केवळ विजयाचा जयघोष ऐकणाऱ्याला विजयाची किंमत कळत नाही.

म्हणून जाणत्या प्रेक्षकाने युद्धपट पाहताना डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवावेत. कोणता आवाज आला, यापेक्षा कोणता आवाज थांबला, याकडे लक्ष द्यावे. वारा केव्हा पडला, पाखरे केव्हा गप्प झाली, पडद्यावरचे माणूस कोणत्या दिशेला कान देऊन उभे आहे, हे टिपावे. अशा रीतीने ऐकण्याची सवय लागली, म्हणजे ती चित्रपटगृहापुरती राहत नाही. घरातील, शेजारातील आणि जगातील न बोलणाऱ्या माणसांचे दुःखही त्या कानांना ऐकू येऊ लागते. तोफेचा बार कोणालाही ऐकू जातो. त्याआधीचा एका माणसाचा रोखलेला श्वास ऐकावयाचा, तर कानांबरोबर मनही जागे असावे लागते.